गोतीर्थ की रँग्लरांचं गाव?

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळच्या फेऱ्यांत सगळे विषय निघतात. बोगद्यातली वाहतूक, भाजीचे भाव, मुलांची परदेशातली घरं. परवा शेजारच्या काकूंनी फेरी अर्धी टाकून मला गाठलं. लेक लंडनला असते, काका-काकू पुढच्या महिन्यात तिच्याकडे निघालेत. "सगळं ठरलंय रे, फक्त एक दिवस मोकळा आहे. जावई म्हणतो ऑक्सफर्ड बघा, लेक म्हणते केंब्रिज. तू सांग, कुठे जाऊ?"

घरी आलो, कपाटातली पुस्तकं काढली, जुन्या नोंदी चाळल्या आणि रंगूनच गेलो. आठशे वर्षांहून जुनी ही दोन विद्यापीठांची गावं, आणि दोन्हींचे धागे आपल्या नाशिकपर्यंत येऊन पोचलेले! काकूंसाठी केलेली ही यादी तुमच्याही उपयोगी पडावी. शेवटचा मुद्दा सोडून प्रत्येकावर पारडं कुणाचं जड, तेही सांगतो.

१. नावातच तीर्थ

'ऑक्स' म्हणजे बैल आणि 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार. बैल जिथून नदी ओलांडत, ते ऑक्सफर्ड. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड छापून काढणारे मॅक्स म्युलर याच गावात राहत. त्यांनी स्वतःचं संस्कृत नाव केलं 'मोक्षमूलर' आणि गावाचं 'गोतीर्थ'. भाषांतर अगदी चोख आहे, कारण तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थच नदी ओलांडायची जागा, पाण्यात उतरायचा घाट. रामकुंडावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

केंब्रिजचं नाव सरळ पुलावरून आलं, पण त्यात एक गंमत आहे. नदीचं जुनं नाव ग्रँटा, आणि गावाला म्हणत ग्रँटाब्रिज. बोलता बोलता गावाचं केंब्रिज झालं आणि मग गावावरून नदीला 'कॅम' म्हणू लागले. नदीवरून गावाची नावं पडलेली आपण खूप पाहतो. इथे गावाने नदीचं बारसं केलं.

पारडं : ऑक्सफर्ड. गोतीर्थ या एका शब्दासाठी.

२. भांडणातून जन्मलेलं विद्यापीठ

ऑक्सफर्डमध्ये १०९६ साली शिकवणं चालू असल्याचे दाखले आहेत. ११६७ मध्ये राजा दुसरा हेन्री याने इंग्रज विद्यार्थ्यांना पॅरिसला शिकायला जाण्याची बंदी केली आणि ऑक्सफर्ड भराभर वाढलं. १२०९ मध्ये तिथे एका बाईचा मृत्यू झाला. संशय एका विद्यार्थ्यावर होता, तो पळाला. चिडलेल्या गावकऱ्यांनी त्याच्यासोबत राहणाऱ्या दोघा-तिघांना फासावर चढवलं. घाबरलेले गुरुजी आणि शिष्य गाव सोडून निघाले. त्यातले काही केंब्रिजला स्थिरावले आणि तिथे दुसरं विद्यापीठ उभं राहिलं.

ऑक्सफर्डची भांडणं मात्र थांबली नाहीत. १० फेब्रुवारी १३५५ ला एका गुत्त्यात 'दारू वाईट आहे' यावरून वाद पेटला. तीन दिवसांच्या दंगलीत ६३ विद्यापीठवाले मारले गेले. शिक्षा म्हणून गावच्या महापौराने दरवर्षी त्याच दिवशी चर्चमध्ये येऊन मेलेल्या प्रत्येकामागे एक पेनी भरायची. हा दंड १८२५ पर्यंत चालू होता. गाव आणि विद्यापीठ यांचा औपचारिक समेट झाला १९५५ साली, म्हणजे ६०० वर्षांनी!

पारडं : ऑक्सफर्ड. थोरलेपणाचा मान.

३. विद्यापीठ कुठे आहे हो?

दोन्ही गावांत पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि त्याला उत्तर नाही. एक फाटक, एक कमान, आत सगळं, असं इथे नसतं. गावभर पसरलेली कॉलेजं मिळून विद्यापीठ होतं. केंब्रिजमध्ये अशी ३१ कॉलेजं आहेत, ऑक्सफर्डमध्ये चाळीसच्या आसपास. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, प्रार्थनाघर वेगळं, जेवणघर वेगळं. मधल्या मोकळ्या चौकाला ऑक्सफर्डवाले 'क्वाड' म्हणतात आणि केंब्रिजवाले 'कोर्ट'. आपला वाडा आठवा, म्हणजे नकाशा डोळ्यांपुढे येईल : दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती खोल्या. इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याकडे निघालं की पांडवलेणी दिसतात. तिथल्या विहारांतही मधे दालन आणि तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या आहेत, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या. एकत्र राहून शिकायचं तर घर कसं बांधावं, याचं उत्तर माणसाला फार पूर्वीच सापडलं होतं.

पारडं : बरोबरी.

४. पाच मिनिटांची गोष्ट

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजच्या बुरुजात 'ग्रेट टॉम' नावाची सहा टनांहून जड घंटा आहे. ती रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ टोल देते. टोल १०१ का? कॉलेजचे मूळ विद्यार्थी १००, नंतर एकाची भर पडली, म्हणून. आणि वर पाच मिनिटं का? ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, सूर्याच्या हिशेबाने तिथे पाच मिनिटं उशिरा वाजतात. देशभर रेल्वेची एकच वेळ आली तरी टॉमने आपले नऊ सोडले नाहीत. मुंबईकरांना हा बाणा ओळखीचा वाटेल. 'बॉम्बे टाइम' भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि मुंबई महापालिकेने तो अनेक वर्षं जपला.

केंब्रिजमध्ये कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या कोपऱ्यावर एक सोनेरी घड्याळ आहे. त्याला काटे नाहीत. वर बसलेला भलामोठा नाकतोडा एकेक सेकंद गिळताना दिसतो. स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते २००८ मध्ये त्याचं अनावरण झालं. हे घड्याळ मुद्दाम अडखळतं, पुढे पळतं आणि दर पाच मिनिटांनी एकदाच अचूक वेळ दाखवतं. वेळ सरळ चालत नाही, तिची आपल्याला जाणवणारी गती बदलत राहते, हे त्याला सांगायचं आहे.

पारडं : बरोबरी. दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं.

५. काठी, नाव आणि पूल

दोन्हीकडे सपाट बुडाची 'पंट' नावाची नाव मिळते. नदीच्या तळाला लांब काठी टेकवायची आणि नाव पुढे रेटायची. ऑक्सफर्डचा नावाडी नावेत उभा राहून रेटतो, केंब्रिजचा मागच्या फळीवर चढून. कोण बरोबर, यावर दोन्ही गावं अजून भांडतात. ऑक्सफर्डकर आपल्या गावातल्या थेम्सला थेम्स म्हणत नाहीत, आयसिस म्हणतात.

पण नावेतून बघायचं तर केंब्रिजच. कॅमच्या एका काठाला सात-आठ कॉलेजांची पाठ लागलेली, मधे हिरवळ, वर एकामागून एक पूल. क्वीन्स कॉलेजच्या लाकडी 'गणिती पुला'बद्दल नावाडी सांगतात, की न्यूटनने तो एकही खिळा न वापरता बांधला. विश्वास ठेवू नका. पूल १७४९ चा, आणि न्यूटन गेले १७२७ ला. सगळी लाकडं सरळ असून कमान गोल दिसते, हे खरं नवल तिथे डोळ्यांनी बघा. 'उसाशांचा पूल' दोन्ही गावांत आहे. केंब्रिजचा १८३१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजने बांधला, ऑक्सफर्डचा १९१४ चा. केंब्रिजचा पाण्यावर आहे, ऑक्सफर्डचा रस्त्यावर.

पारडं : केंब्रिज.

६. "मी आग लावणार नाही"

ऑक्सफर्डचं बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये उघडलं. आजही नव्या वाचकाला तिथे शपथ घ्यावी लागते : पुस्तक बाहेर नेणार नाही, खराब करणार नाही, आत विस्तव आणणार नाही की पेटवणार नाही. पुस्तक घरी न्यायला कुणालाच मिळत नाही. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याने एक पुस्तक मागवलं, तेव्हा ग्रंथपालाने नियम दाखवला आणि राजाला नकार दिला! याच ग्रंथालयाचा जुना भाग हॅरी पॉटरच्या चित्रपटांत जादूच्या शाळेचं ग्रंथालय म्हणून दिसतो. नातवंडं बरोबर असतील तर एवढं सांगितलं तरी ती पळत सुटतील.

आपल्यासाठी ऑक्सफर्डच्या पुस्तकांशी आणखी एक आठवण जोडलेली आहे. लोकमान्य टिळक १८९७ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते, तेव्हा मॅक्स म्युलर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठवली. टिळकांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांतही ते होते. हा माणूस भारतात कधीच आला नाही.

पारडं : ऑक्सफर्ड.

७. नाशिकची लेक

यादीतली माझी सर्वांत लाडकी नोंद ही. १५ नोव्हेंबर १८६६ ला नाशिकमध्ये एका पारशी-ख्रिस्ती घरात कॉर्नेलिया सोराबजी जन्मली. बेळगाव आणि पुण्यात वाढली, डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. गुणांनी ती विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीची हक्कदार होती, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिलमध्ये दाखल झाली. तोवर त्या विद्यापीठात एकाही बाईने कायदा शिकलेला नव्हता.

१८९२ मध्ये परीक्षा आली. बाईचे पेपर तपासायला परीक्षकच तयार नव्हते. शेवटी विद्यापीठाने खास ठराव केला आणि ती पुरुषांच्या बरोबरीने परीक्षेला बसली. अशी परीक्षा देणारी ती पहिली बाई. उत्तीर्ण झाली, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली तेव्हा कुठे हे जमलं. मधल्या काळात ती स्वस्थ बसली नव्हती. १९०४ पासून सरकारी कामावर असताना बंगाल-बिहारकडच्या पडद्यातल्या शेकडो बायकांच्या मालमत्तेचे प्रश्न तिने हाताळले. पुरुष वकिलाला ज्यांचं तोंडही पाहता येत नव्हतं, त्यांचं म्हणणं तिने ऐकून घेतलं.

आणि केंब्रिज? १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीने गणितात पहिल्या आलेल्या मुलापेक्षा जास्त गुण मिळवले. यादीत तिचा क्रमांक छापला नाही, 'पहिल्याच्या वर' एवढंच जाहीर झालं. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये, आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर!

पारडं : ऑक्सफर्ड, निर्विवाद.

८. रँग्लर म्हणजे काय रे भाऊ?

मराठी घरांत ही पदवी नावाचाच भाग झाली : रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. केंब्रिजच्या गणिताच्या अंतिम परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा तो रँग्लर. शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, कारण जुन्या काळी परीक्षा तोंडी वादविवादाने होई. परीक्षेचं नाव 'ट्रायपॉस', ते तीन पायांच्या स्टुलावरून आलं असं सांगतात.

दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे सगळ्यांत पहिले. जॉर्ज बर्टविसल या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी तो क्रमांक वाटून घेतला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांचं कॉलेज सेंट जॉन्स, म्हणजे उसाशांचा पूल त्यांच्या कॉलेजातलाच. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे यांनीही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातून गणिताची ट्रायपॉस दिली.

पहिल्याला मान मिळे, तसा पास झालेल्यांत शेवटच्यालाही मिळे. त्याला मित्र लाकडी चमचा देत. १९०९ मधला शेवटचा चमचा एक मीटरहून लांब होता आणि तो मिळाला परांजप्यांच्याच कॉलेजातल्या एका पोराला. त्यानंतर क्रमवारी जाहीर करणंच बंद झालं.

पारडं : केंब्रिज.

९. १९३८ ची जोडी

१९ मे १९३८ ला माथेरानमध्ये गिरीश कर्नाड जन्मले आणि १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जयंत नारळीकर. १९६० ते ६३ या काळात एक ऑक्सफर्डला होता, दुसरा केंब्रिजला. कर्नाड ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर गेले आणि तिथल्या प्रसिद्ध वादसभेचे, ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्ष झाले. नारळीकर १९५९ मध्ये रँग्लर झाले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९३० चे रँग्लर. पुढे फ्रेड हॉएल यांच्यासोबत जयंतरावांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्रातल्या चार नगरांत बनारस, मुंबई आणि पुण्याबरोबर केंब्रिजही आहे.

शिवाय २०२१ मध्ये आपल्या नाशिकला झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते.

पारडं : केंब्रिज, नाशिकच्या मांडवामुळे.

१०. नोटेवरची सही

रायगडच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख केंब्रिजच्या जीझस कॉलेजात विज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्राचं बक्षीस पटकावून १९१७ मध्ये बाहेर पडले. पुढच्याच वर्षी आयसीएस परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या नोटा छापल्या जात होत्या नाशिक रोडच्या मुद्रणालयात, जे १९२८ पासून नोटा छापतं. केंब्रिजमध्ये फुलापानांचा अभ्यास केलेल्या माणसाची सही नाशिकमधून देशभर पोचली.

पारडं : केंब्रिज.

११. दंडातलं ऑक्सफर्ड

तुम्ही कोव्हिशील्ड घेतली होती? मग ऑक्सफर्डला न जाताही ते तुमच्या दंडापर्यंत आलेलं आहे. ती लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. त्याआधी १९४० च्या सुमारास याच गावात पेनिसिलिनचं औषध तयार झालं. युद्धामुळे भांडी मिळेनात, तेव्हा बुरशी वाढवायला रुग्णालयातली शौचाची भांडी वापरली गेली!

केंब्रिजचं उत्तरही तोडीचं आहे. २८ फेब्रुवारी १९५३ ला दुपारी फ्रान्सिस क्रिक 'ईगल' नावाच्या पबमध्ये शिरले आणि जीवनाचं रहस्य सापडल्याचं जाहीर केलं. ते रहस्य म्हणजे डीएनएची दुहेरी वेटोळी रचना. तिथे आज पाटी आहे.

पारडं : बरोबरी. एकाने जीव वाचवले, दुसऱ्याने जीव म्हणजे काय ते उलगडलं.

१२. चार मिनिटांच्या आत

आमच्या ट्रॅकवरच्या मंडळींसाठी खास. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडच्या धावपट्टीवर रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत कापला. चार मिनिटांच्या आत मैल कापणारा हा पहिला माणूस. आणि बॅनिस्टर पेशाने डॉक्टर! सावरपाडा एक्सप्रेस कविता राऊतच्या जिल्ह्यातल्या माणसाने त्या धावपट्टीला एकदा हात लावून यावं.

दोन्ही विद्यापीठांची नौकाशर्यत १८२९ पासूनची आहे. ती होते लंडनमध्ये, आणि एकूण विजयांत केंब्रिज पुढे आहे. १८७७ मध्ये दोघे बरोबरीत सुटले होते.

पारडं : ऑक्सफर्ड, त्या ३ मिनिटं ५९.४ सेकंदांसाठी.

१३. खिशाचं आणि पायांचं

लंडनपासून दोन्ही गावं साधारण ९० किलोमीटर, म्हणजे नाशिक-शिर्डी एवढी. ऑक्सफर्डची गाडी पॅडिंग्टनहून, केंब्रिजची किंग्ज क्रॉसहून. दोन्हीकडे तासाभरात पोचता. दोन्ही एका दिवसात करू नका. या दोन गावांमधली थेट रेल्वे १९६७ मध्ये बंद झाली, तेव्हा वाट लंडनवरूनच. फुकट बघण्यासारखं दोन्हीकडे आहे : ऑक्सफर्डला १६८३ चं ॲशमोलियन, केंब्रिजला फिट्झविल्यम संग्रहालय. केंब्रिजमध्ये किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनाघराचं तिकीट मात्र जरूर काढा. पंख्यांसारखं उलगडणारं एवढं मोठं दगडी छत जगात दुसरं नाही. गुडघे दुखत असतील तर केंब्रिज सोपं. गाव लहान आहे, सपाट आहे आणि अर्धं नावेत बसून बघता येतं.

मग कुठे जायचं?

हिशेब सरळ आहे. ऑक्सफर्ड पाच, केंब्रिज चार, तीन बरोबरीत. बरोबर गणितवेडं पोर असेल तर बेलाशक केंब्रिज. पण पहिल्यांदा निघालेल्या नाशिककराने ऑक्सफर्डला जावं. वुडस्टॉक रोडवर समरव्हिलच्या दारापाशी दोन मिनिटं थांबावं आणि बरोबरच्या मुलांना सांगावं, की हे दार ठोठावणारी एक मुलगी आपल्या गावात जन्मली होती. काकूंनी ऐकलं आणि तिकीट काढायला लेकीला फोन लावला.

निघण्यापूर्वी घरी एक खेळ खेळा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये तो जगाला दिला. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली त्यांना जे बक्षीस मिळालं होतं, ते रँग्लर परांजपे यांच्याच नावाचं. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा.

कॉर्नेलिया ऑक्सफर्डला गेली ते साल १८८९ : ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४.

परांजपे केंब्रिजमध्ये पहिले आले ते साल १८९९ : ८०८२, ८५३२, ६१७४.

एक सहा पायऱ्यांत, दुसरं तीन पायऱ्यांत. दोन्ही वाटा येऊन थांबतात देवळालीच्या मास्तरांच्या ६१७४ वर.